फेकीची फुशारकी

नदीवरून परतलेल्या माणसाला "काय मिळाले?" असे विचारण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे आणि मोठी शहाणपणाची आहे. मिळाले असेल तर तो दाखवतो, नसेल तर हसतो, आणि दोन्ही प्रसंगी चहा होतोच. परंतु हल्ली हौशी मासेमारांच्या मंडळात या प्रश्नाला कोणी विचारीत नाही. त्याच्या जागी दुसराच एक प्रश्न येऊन बसला आहे. "किती लांब गेली?" लांब गेली म्हणजे दोरी! 25 मीटर गेली म्हणणारा छाती पुढे काढतो. 28 वाला त्याच्याकडे कनवाळूपणाने पाहतो. आणि 30 वाला काहीच न बोलता खिशातला फोन काढून चित्रफीत दाखवतो. त्या चित्रफितीत काठी दिसते, आकाश दिसते, दोरीचा सुंदर वेटोळा दिसतो. दोरी पाण्यावर पडली की चित्रफीत संपते. म्हणजे ज्या क्षणी मासेमारी सुरू व्हायची त्या क्षणी या मंडळींचा सोहळा आटोपलेला असतो. या प्रकाराविरुद्ध मला आज चार शब्द भांडायचे आहेत.

चिखलीचा माणूस या विषयावर भांडतो म्हटल्यावर वाचक हसतील, आणि त्यांनी अवश्य हसावे, दिवाळी आहे. आमच्या गावाच्या नावातच पाण्यापेक्षा चिखल अधिक. तालुक्यातून पैनगंगा जाते खरी, पण ती अजिंठ्याच्या डोंगरांतून नुकती कुठे निघालेली. पावसाळ्यात दांडगाई करावी आणि उन्हाळ्यात डोहाडोहांतून तोंड लपवून बसावे, असा तिचा स्वभाव. तेव्हा दोन्ही हातांनी धरायच्या 4 मीटर लांबीच्या विलायती काठीशी आमचा संबंध काय? संबंध दोन प्रकारचा आहे. एक तर माझी सारी नोकरी नद्यांचे पाणी मोजण्यात गेली. पात्रावर आडवा दोर बांधायचा, ठराविक अंतरावर वेगमापक यंत्र पाण्यात सोडायचे, खोलीच्या सहा-दशांशावर धरायचे, फेऱ्या मोजायच्या आणि वहीत लिहायचे, हे मी इतकी वर्षे केले आहे की वाहते पाणी पाहिले की अजूनही माझा हात पेन्सिलीकडे जातो. दुसरे म्हणजे माझा पुतण्या अमेरिकेत सिएटलला असतो. तिकडे आता मराठी माणसांची इतकी घरे आहेत की गणपतीत मोदकांची ददात पडत नाही. 2019 च्या वसंतात मी त्याच्याकडे चार महिने राहिलो, आणि दर रविवारी त्याच्या मोटारीच्या मागच्या आसनावर बसून स्कॅगिट नदीवर गेलो. ज्या आखूड दोरीबद्दल हे भांडण आहे, तिला नाव मिळाले ते याच नदीचे.

मासे न खाणाऱ्या घरांतल्या वाचकांनी लगेच पान उलटू नये. स्कॅगिटवर त्या दिवसांत कोणीच मासा घरी नेत नव्हते. तिथला स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाऊन अंडी घालायला नदीत परतणारा रेनबो ट्राउट, इतका घटला आहे की त्या भागातल्या त्याच्या जातीला 2007 मध्ये संकटग्रस्त ठरवून कायद्याचे संरक्षण द्यावे लागले. स्कॅगिटवरची वसंतातली मासेमारी काही वर्षे बंदच होती. 2018 मध्ये ती थोड्या दिवसांसाठी पुन्हा उघडली, ती काटा नसलेला गळ वापरायचा आणि धरलेला मासा पाण्यातच सोडून द्यायचा या अटीवर. "सोडायचाच तर धरायचा कशाला?" असे माझ्या पत्नीने फोनवरून विचारले होते. प्रश्न बिनतोड आहे. मी त्याला अजून उत्तर दिलेले नाही आणि या लेखातही देणार नाही.

आता मूळ गोष्ट. स्पे ही स्कॉटलंडमधली नदी. तिचे काठ उभे आणि झाडांनी भरलेले. आमची पोरे पतंगाचा दोर झटकावा तशी गळाची दोरी मागे झुलवून पुढे टाकतात. तिथे मागे झुलवायला जागाच नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकात तिथल्या लोकांनी एक युक्ती काढली. दोरी मागे न नेता पाण्यावरच आपल्या बाजूला ओढून आणायची, तिचा एक वेटोळा पाण्याला चिकटून राहू द्यायचा, आणि त्या चिकटण्याच्याच आधाराने ती पुढे उसळवायची. त्यासाठी 17-18 फुटांची जड लाकडाची काठी लागे आणि ती दोन्ही हातांनी चालवावी लागे. दोरीच्या टोकाला पिसे आणि केस गुंडाळून केलेली खोटी माशी. ती प्रवाहाला तिरकी फेकली की पाणी दोरीला ढकलते, काठी दोरीला सोडत नाही, आणि या ओढाताणीत माशी एका कमानीने नदी ओलांडून आपल्या काठाला येते. या कमानीतल्या प्रवासाला इंग्रजीत स्विंग म्हणतात. क्रिकेटने तो शब्द आपल्याला शिकवला आहे. मी मात्र त्याला झोका म्हणेन, कारण पाळण्याच्या झोक्याशी त्याचे नाते आहे. पाळणा हलवणाऱ्या आईने दोरीला हिसका दिला तर मूल जागे होते. इथे हिसका बसला तर मासा झोपलेलाच राहतो, एवढाच फरक.

तो हिसका कसा बसतो ते सांगतो, कारण सगळे भांडण इथे आहे. नदी सबंध रुंदीभर एका वेगाने कधीच वाहत नाही. मधले पाणी धावते, काठचे रेंगाळते. वरचे पाणी खालच्या पाण्यापेक्षा वेगवान असते. आम्ही ओंडका सोडून वेग काढायचो तेव्हा तो आकडा 0.85 ने गुणून मगच वहीत लिहायचो, कारण ओंडका नेहमी नदीची बढाई सांगतो. दोरी या वरच्या, बढाईखोर पाण्यावर पडलेली असते. मधल्या धारेने तिचा मधला भाग पुढे नेला की दोरीला पोट सुटते, आणि मग माशी त्या पोटाच्या मागून फरफटत जाते, चाबकाचे टोक जावे तशी. मार्चमध्ये स्कॅगिटचे पाणी बर्फाच्या माहेरचे असते. त्या गारठ्यात तळाशी दगडाआड उभा राहिलेला मासा अशा पळणाऱ्या माशीमागे धावत नाही. धावण्याने जे जाईल ते खाण्याने भरून येणार नाही, एवढा हिशेब त्याला कळतो. माशी त्याच्या तोंडासमोरून सावकाश, जराशी थबकत, पुन्हा निघत गेली तर तो हलतो. आमच्या पैनगंगेवरच्या एका म्हाताऱ्या भोयाने मला हे तत्त्व फार पूर्वी एका वाक्यात सांगितले होते: "पान्याले घाई असते बाप्पा, मासोयीले नसते."

तेव्हा झोका आवरणे म्हणजे पोट न सुटू देणे. जुन्या लोकांकडे यावर उपाय होता. त्यांची दोरी लांबच लांब आणि बराच भाग सारख्या जाडीची. पोट सुटू लागले की काठीने दोरी अलगद उचलायची आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाला नेऊन ठेवायची. याला मी दोरी सावरणे म्हणतो. स्कॉटलंडमध्येच डी नदीवर केर्नटन नावाच्या ठिकाणी आर्थर वुड या गृहस्थांनी पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून 1934 पर्यंत या एका कलेवर आपली हयात घालवली. दोरीला चरबी लावून ती तरंगती ठेवायची आणि माशी जवळजवळ ओढ न बसता वाहू द्यायची, ही त्यांची पद्धत. 1935 मध्ये तिच्यावर पुस्तक निघाले. पदार्थ कसा फोडणीला टाकला यापेक्षा तो मंद आचेवर किती वेळ सांभाळला यावर सुगरण ओळखावी, असल्या जातीचा हा माणूस होता.

आखूड दोरी आली ती पुष्कळ नंतर. स्वीडन-नॉर्वेकडून एक प्रकार आला आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत स्कॅगिट व तिच्या शेजारणींवर दुसरा घडला. कल्पना सोपी आहे. दोरीचा सगळा जाडपणा, सगळे वजन पुढच्या 6-7 मीटरांत कोंबायचे आणि मागे नुसती बारीक, गुळगुळीत दोरी ठेवायची. पुढचा जाड भाग गोफणीतल्या दगडासारखा सुटतो आणि बारीक दोरीला मागे खेचून नेतो. जाड भागाच्या पुढे 3 मीटरांचे बुडणारे टोक आणि वावभर तंगूस जोडला की भली जाडजूड माशीसुद्धा खोल जाते. झाडीला पाठ लावून, कमरेएवढ्या मोकळ्या जागेत उभे राहून हे करता येते. मी या दोरीचा वैरी नाही, हे इथेच सांगून टाकतो. कारण जुन्या मताचे जे लोक "आखूड दोरी म्हणजे धटिंगणांचे हत्यार, घ्या आमची 20 मीटरांची" असे म्हणतात, त्यांच्या पंक्तीला मला कोणी बसवू नये. 18 फुटी काठी आणि 20 मीटरांची जाड दोरी चालवायला पैलवानाचे खांदे आणि जमीनदाराची फुरसत लागते. आखूड दोरीने बायका, म्हातारे आणि मुले या खेळात आली. हा फायदा मी फार मोठा मानतो.

पण या फायद्याची किंमत आहे, आणि ती सांगायला कोणी तयार नाही. बारीक दोरीला अंगात जोर नसतो. ती उचलून वरच्या अंगाला टाकायला जावे तर टाकण्याचा जोर तिच्यातच विरून जातो. पलीकडे पाण्यात रुतलेल्या जड भागापर्यंत तो पोचतच नाही. सुतळीने बैल हाकता येईल काय? म्हणजे जुन्यांचा जो एकमेव उपाय, सावरणे, तो इथे लांबवरून चालत नाही. किती लांबवरून? हा हिशेब कोणत्याही पोराला करता येईल. काठी 4 मीटर, जाड भाग 7 मीटर, बुडते टोक आणि तंगूस मिळून 4 मीटर. झाले 15. दोरी 15 मीटर टाकलीत तर जाड भागाचे शेपूट बरोबर काठीच्या शेंड्याशी असते. काठी हलवाल तसे ते हलते. 25 मीटर टाकलीत तर काठीचा शेंडा आणि जाड भाग यांच्यामध्ये 10 मीटर सुतळी आली. हे 10 मीटर म्हणजे तुमच्या फुशारकीचे माप. पुढे झोक्याचे जे काय व्हायचे ते नदी ठरवणार, तुम्ही नुसते काठीला धरून उभे. खुंट्याला मासेमार म्हणतात का?

यावर पुतण्या आणि त्याचे मित्र मला काय सांगत असत? "काका, झोका प्रवाहच देतो. आपण लांब टाकायची आणि थांबायचे. जेवढी लांब, तेवढे जास्त पाणी पालथे घातले जाते, तेवढी माशाची गाठ पडण्याची शक्यता जास्त." ऐकायला हे गणित वाटते. पण त्यात एक पाचर आहे. पाणी पालथे घातले हे खरे तेव्हा, जेव्हा माशी त्या पाण्यातून माशाला पटेल अशा चालीने गेली असेल. लांबच्या फेकीत कमानीचा पहिला अर्धा भाग माशी फरफटत जातो. शेवटी काठाच्या संथ पाण्यात ती सावकाश होते तेवढेच काय ते कामाचे पाणी. ते काठाजवळचे पाणी तर 15 मीटरवाल्यालाही मिळते, आणि त्याच्या वाट्याला झोका सबंध येतो. एका रविवारी मी वही काढून मोजत बसलो. सेकंदकाटा लावून पाहिले तर पुतण्याची माशी कमानीच्या पूर्वार्धात उत्तरार्धाच्या दुपटीहून वेगाने पळत होती. आकडा त्याला दाखवला. तो म्हणाला, "काका, तुम्ही रिटायर झालात ना?"

मग आखूड दोरीने झोका आवरायचा कसा? माझे म्हणणे असे की तो आवरता येतो, पण लांब दोरीवाला जे काम दोरी पडल्यानंतर करतो ते आखूड दोरीवाल्याने पडण्याच्या आधी आणि पडता-पडता उरकले पाहिजे. पहिला लगाम कोनाचा. नदीला अगदी आडवी दोरी टाकली की पोट सर्वांत मोठे. तीच पलीकडच्या काठाऐवजी बरीचशी खालच्या अंगाला, तिरपी टाकली की पाण्याला ढकलायला दोरीची बाजू कमी मिळते आणि माशी आपसूक हळू चालते. पाणी जितके वेगवान तितका कोन खालचा, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम झाले. पात्र कमी ओलांडले जाते हे कबूल; पण दोन पावले खाली सरकून पुन्हा टाकायला कोणी मनाई केली आहे?

दुसरा लगाम क्षणाचा आहे आणि तो फार थोड्यांना साधतो. दोरी पडल्यावर जाड भाग पाण्यात रुतायच्या आत, दोन-तीन आकडे मोजून होतात न होतात तोवर, एकदाच काय ते सावरायचे. तेव्हा दोरी अजून पाण्याची झालेली नसते, तुमचीच असते. हवेत असतानाच काठीचा शेंडा वरच्या अंगाला झुकवून दोरीला हवा तो बाक देणारे याहून पक्के. एकदा रुतली की मग काठी हलवून उगीच पाणी ढवळणे, हे मी तिकडे शेकडो वेळा पाहिले; त्याने माशी दचकते आणि मालकाला काहीतरी केल्याचे समाधान मिळते.

तिसरी गोष्ट काठीच्या शेंड्याची. उंच धरला तर बारीक दोरी पाण्याला टेकत नाही, पोट कमी सुटते. शेंडा धारेकडे, बाहेर राखला तर माशी रेंगाळते. काठाकडे ओढत आणला तर ती घाई करते. मंद पाण्यात, जिथे माशी मेल्यासारखी लटकते, तिथे मुद्दाम शेंडा पुढे नेऊन तिला जरा जीव द्यावा लागतो. म्हणजे आवरणे हे नेहमी मंद करणेच असते असे नाही. दोरी पडल्याबरोबर एक-दोन पावले खाली चालून जावे, तेवढ्या ढिलाईत बुडते टोक खोल उतरते. आणि झोका संपून माशी सरळ खाली काठाशी आली की लगेच गुंडाळू नये. आठ-दहा सेकंद तिला तशीच लोंबू द्यावी. पाठलाग करीत आलेला मासा कैकदा तिथेच निर्णय घेतो. माणसाला घाई असते म्हणून तो निर्णय ऐकायला कोणी थांबत नाही.

यातले मी सगळे कोणाला पाहून शिकलो? पुतण्याची मुलगी, वय वर्षे 12, तिला पाहून. तिच्या हातात हलकी 11 फुटी काठी. ताकद बेताची, त्यामुळे दोरी 13-14 मीटरांवर पडायची. म्हणून ती खालच्या अंगालाच टाकायची, पडल्या पडल्या एकदा सावरायची आणि मग शेंडा उंच धरून, जीभ बाहेर काढून, माशी कुठे असेल त्या जागेकडे टक लावून उभी राहायची. माशी कुठे आहे हे तिला दर क्षणी ठाऊक असे. मी विचारले तर बोट दाखवी. तिच्या बापाला विचारले तर तो म्हणे, "पलीकडे कुठेतरी." एवढी सुंदर मासेमारी मी त्या नदीवर दुसऱ्या कोणाची पाहिली नाही. आणि तिच्या पाठीशी उभे राहून बाप काय सांगत होता? "अजून लांब! खांदा वापर! अगं, हे काय, एवढीशीच?" तिने खांदा वापरला. दोरी विस्कटून तिच्याच टोपीवर पडली. मित्रमंडळी हसली, प्रेमानेच हसली. पुढच्या रविवारी ती म्हणाली, "आजोबा, मी घरीच चित्र काढते." त्यापुढेही ती आली नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांना स्कॅगिटचा पत्ता लागणार नाही, पण या प्रसंगाचा लागेल. गाण्याच्या परीक्षेत किती तास रियाज केला हे सांगणारे बाप, वाचलेल्या पुस्तकांची पाने मोजणाऱ्या आया माझ्या ओळखीच्या आहेत. मीटरने मोजता येते म्हणून मीटरने मोजायचे, आणि जे मोजता येत नाही ते नाहीच असे धरून चालायचे! झोका मोजता येत नाही असेही नाही, मी मोजलाच की सेकंदकाट्याने. पण त्याची चित्रफीत चांगली निघत नाही हे त्याचे दुर्दैव. दोर विकणाऱ्या दुकानदारांना यात दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना लांबी विकता येते. थांबून राहण्याचे गुंडाळे ते कोणत्या खोक्यात घालून विकणार?

लांबीच्या मोहाचा आणखी एक परिणाम आहे आणि तो चेष्टेचा नाही. जास्त लांब टाकायचे म्हणून माणूस आणखी खोल उतरतो. गुडघ्याचा मांडीपर्यंत, मांडीचा कमरेपर्यंत. कमरेएवढ्या वाहत्या पाण्यात उभ्या माणसाला नदी किती हलके समजते हे आम्हा पाणी मोजणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. आम्ही दोराला धरल्याशिवाय तिथे पाऊल टाकत नसू. त्यात स्कॅगिटच्या वरच्या अंगाला गॉर्ज, डायब्लो आणि रॉस अशी सिएटल शहराला वीज पुरवणारी तीन धरणे आहेत. धरणाखालच्या नदीत पाणी कधी चढेल हे आभाळाकडे पाहून कळत नाही. आपल्याकडे तर हा धोका दसपट. आपल्या कितीतरी नद्या आता धरणाच्या दरवाज्यांच्या मर्जीने वाहतात. भोंगा वाजतो, पण धारेच्या आवाजात कमरेएवढ्या पाण्यातल्या माणसाला तो ऐकू येईलच असे नाही. 15 मीटर टाकणारा गुडघाभर पाण्यात उभा असतो. पाणी चढले तर तो चार पावलांत काठावर असतो, आणि संध्याकाळी घरी जेवायला असतो.

आपल्याकडचे म्हणून मी हे मुद्दाम लिहितो आहे, कारण ही काठी आणि ही दोरी आता इकडेही येऊ लागली आहे. हिमालयातल्या नद्यांवर महाशीरासाठी लोक ती घेऊन जातात. उद्या दख्खनमध्ये येईल. महाशीर हा काही परका पाहुणा नव्हे. आपल्या दख्खनी महाशीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये केले ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून, आणि त्याला 'खुद्री' हे जे नाव दिले ते इथल्याच लोकांच्या तोंडचे. मद्रास इलाख्यातले अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांनी 1873 मध्ये हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिले, त्यात हा मासा झुंजीला सामनपेक्षा, स्पे नदीच्या त्या राजापेक्षा, सरस ठरवला आहे. पुढे धरणांनी, सुरुंगांनी आणि विषाने तो जवळजवळ संपत आला, तेव्हा लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली 1970 च्या सुमारापासून त्याची कृत्रिम पैदास सुरू झाली आणि लाखो पिल्ले देशभरच्या नद्यांत गेली. एवढ्या कष्टाने राखलेला मासा पुढेमागे गळाला लागायचाच असेल, तर तो ओठाच्या कोपऱ्यात लागून, लवकर हाती येऊन, लवकर सुटलेला बरा. माशी संथ, ताणलेल्या झोक्यात असली आणि मासा ती घेऊन वळला की गळ बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. लांबवर, पोट सुटलेल्या दोरीवर तो कधी बसतो आणि कुठे बसतो हे माणसाला कळायलाच उशीर होतो. आणि 30 मीटर पलीकडून, धारेच्या विरुद्ध ओढून आणलेला मासा हातात येईतो अर्धमेला झालेला असतो. त्याला सोडून देण्यात मग पुण्य किती आणि देखावा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पुतण्याला मी हे सगळे पत्राने कळवले आहे. त्याचे उत्तर आले. या दिवाळीत तो सहकुटुंब चिखलीला येतो आहे आणि सोबत नवी, आणखी आखूड जाड भागाची, "आरामात 32 मीटर जाणारी" दोरी आणतो आहे. पाडव्याच्या सकाळी गावाबाहेरच्या मैदानात ती टाकून दाखवायचा त्याचा बेत आहे. येऊ दे. मी कालच तिथे जाऊन, पावले मोजून, 15 मीटरांवर चुन्याची एक रेघ मारून आलो. रेघेच्या अलीकडे एक परात ठेवणार आहे. नात परातीत टाकील, तो मैदानात टाकू दे.